सांगली-मिरजेत जुनी साडी शोधायला निघताना

पुण्या-मुंबईकडची ओळखीची माणसं सांगलीला येतात, मोबाइलवर ‘विंटेज’ शब्द टाकून दुकान शोधतात आणि पाटी सापडली नाही की हिरमुसतात. मग परतीची गाडी गाठायच्या आधी तासाभरात ‘जुन्या पद्धतीची’ म्हणून चकचकीत नवी साडी घेतात. घरी गेल्यावर फोन येतो, ‘अगं, ही जर तर प्लास्टिकची निघाली.’ काही जणांना खरी जुनी साडी मिळते, पण पहिल्याच रविवारी ते ती बादलीत भिजवतात आणि मग फोन करतात.

हे टाळता येतं. त्यासाठी कामाचा क्रम पाळावा लागतो. खाली मी तो जसा पाळते तसाच दिला आहे. पायऱ्या वर-खाली करू नका, विशेषतः तिसरी आणि सातवी.

१. काय हवंय ते घरीच ठरवा

जुना कपडा तीन कारणांसाठी घेतात: नेसायला, काठ-पदर काढून दुसऱ्या कापडाला लावायला, किंवा नुसता जपायला. तिन्हींची तपासणी वेगळी असते. नेसायची असेल तर साडीचं अंग मजबूत हवं. काठ उतरवायचे असतील तर अंग विरलेलं चालतं, काठ शाबूत हवेत. जपायची असेल तर भोकं असली तरी हरकत नाही, पण कसर (कापड खाणारी कीड) लागलेली साडी घरात आणायची नाही.

मग मापं घ्या. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटरच्या आसपास. सहावारी म्हणून घेतो ती साडी बहुधा साडेपाच मीटरच असते. पण लांबीपेक्षा लोक चुकतात ते पन्ह्यात, म्हणजे रुंदीत. जुन्या लुगड्यांचा पन्हा आजच्या साडीपेक्षा बऱ्याचदा कमी असतो. उंच बाईने ते पाचवारीसारखं नेसलं तर घोटे उघडे पडतात. कंबरेपासून जमिनीपर्यंतचं तुमचं माप इंचात काढा आणि कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

आणि बाहेर पडण्याआधी स्वतःच्या घरची ट्रंक उघडा. आजी, मावशी, आत्या यांना विचारा. बाजारात हजारो रुपये मोजून आणलेल्या इरकलीपेक्षा (बहुधा सुती अंगाची, रेशमी काठ-पदराची साडी) चांगली इरकल आपल्याच माळ्यावर वाकळेच्या घडीत निघाल्याचं मी चार-पाच घरांत पाहिलं आहे.

२. पिशवी भरा

धुतलेला मोठा सुती कपडा (जुनं धोतर उत्तम), शिंप्याची टेप, छोटी टॉर्च, भिंग, दोन पांढरे रुमाल, पाण्याची बाटली, सुटे पैसे. प्लास्टिकची पिशवी नको. त्यात रेशीम घामेजतं.

नक्षीची अंगठी आणि टोकदार बांगड्या घरीच काढून ठेवा. एक धागा अडकला की जुन्या रेशमात रेघ उठते आणि ती पुसली जात नाही. सांगलीत आल्यावर भडंग खाणार हे मी धरूनच चालते. ते खा, पण साड्या बघून झाल्यावर. हाताला लागलेलं तेल-हळद आधी जरीला लागतं.

३. दिवस आणि वेळ

दसरा-दिवाळीच्या गर्दीत येऊ नका. दुकानदाराला माळ्यावरचा जुना गठ्ठा खाली काढायला त्या दिवसांत उसंत नसते. पावसाळ्यातही नको: हवेत दमटपणा असतो, रेशीम मऊ पडलेलं वाटतं आणि ते विरलं आहे की नुसतं सादळलं आहे, हे बोटांना कळत नाही.

दोन काळ चांगले. एक, घट बसण्याआधीचा पंधरवडा. त्या वेळी आमच्याकडे घरोघरी झाडलोट निघते, वाकळा-चादरी धुतल्या जातात, ट्रंका उपसल्या जातात आणि नको असलेले कपडे बोहारणीकडे जातात. दुसरा, दिवाळी उलटल्यापासून माघापर्यंतचा. हवा कोरडी असते, दुकानदार मोकळा असतो आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन दिवाळीनंतर आला तर एकाच फेरीत नाटकाचंही जमून जातं.

वेळ सकाळची, उन्हाची. दिव्याखाली साडी कधीही घेऊ नका. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पिवळट डाग दिसत नाहीत आणि पिवळ्या दिव्याखाली तांब्याची जर सोन्यासारखी दिसते.

*तपासा:* दुकानाबाहेर किंवा खिडकीपाशी साडी उलगडून बघू देणार का, हे आत शिरल्यावर पहिल्यांदा विचारा. ‘इथंच बघा’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

४. कुठे, आणि कोणत्या क्रमाने

जुना कपडा चार प्रकारच्या ठिकाणी असतो. पाट्या शोधत बसू नका, माणसांना विचारा.

*आधी ड्रेपरी.* नाटक, तमाशा, शाळेची स्नेहसंमेलनं यांना कपडे भाड्याने देणारे ते ड्रेपरीवाले. सांगली नाटकाचं गाव, त्यामुळे इथे हा व्यवसाय नवा नाही. तिथे शिकायला जायचं. शालू, अंगरखे, पगड्या, बाराबंद्या, उपरणी हातात घेऊन बघा. रंगमंचावरची जर लांबून झळकण्यासाठी असते, बहुतेक नकली. ती अर्धा तास बोटांखाली फिरवली की पुढच्या दुकानात नकली जर नुसत्या स्पर्शाने ओळखू येते. कपडे भाड्याचे असतात, विकतच द्या म्हणून मागे लागू नका. एखादा मोडीत काढलेला अंगरखा ते आपणहून दाखवतात. आणि तिथे वेळ घेतलात तर काहीतरी भाड्याने घ्या, निदान पुढच्या कार्यक्रमासाठी फेटा सांगून ठेवा.

*मग कापडाची जुनी दुकानं.* कापड पेठ, मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ हा सगळा भाग पायी फिरायचा आहे. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या आसपास. इथे विचारायचं ते असं: ‘शेठ, पडून राहिलेला जुना माल आहे का? इरकल, खण, जुनी धोतरं?’ ‘विंटेज’ म्हणालात तर नवी महागडी साडी पुढे येते. ‘पडून राहिलेला माल’ म्हणालात तर माळ्यावरचा गठ्ठा खाली येतो. हा कपडा कधीच न वापरलेला, फक्त वय झालेला असतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने इथूनच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

*मग फडी.* बोहारणी आणि जुने कपडे विकणारे आठवडी बाजारात फडी मांडतात. तिथे ढीग असतो आणि निवड आपली. सुती लुगडी, परकर, जुने सदरे, कधीतरी एखादं चांगलं इरकल. भांडी देऊन घरोघर फिरून जमवलेले हे कपडे आहेत, तेव्हा प्रत्येक नग वापरलेला आहे असं धरूनच बघा.

*शेवटी घरं.* कोणाच्या तरी ओळखीने एखाद्या काकूंच्या घरी साड्या बघायला मिळतात. इथे रीत वेगळी. हातपाय धुऊन बसा, चहा घ्या, साडीच्या आधी तिची हकिकत ऐका. भाव तुम्ही काढू नका. त्यांना द्यायची असेल तर त्या बोलतील. मंगळसूत्राच्या वेळची साडी दाखवायला काढलेली असते, विकायला नाही, एवढं ओळखता आलं पाहिजे.

> सावध: ‘जर काढून घेणारे’ गावोगाव फिरतात. जुन्या जरीच्या साड्या ते चांदीच्या वजनावर घेतात आणि जाळून धातू काढतात. तुमच्या घरातली साडी त्यांना देण्याआधी पुढची पायरी वाचा.

५. साडी तपासायची रीत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एका साडीला वीस मिनिटं लागली तर ती लागू द्या. मी पाच गोष्टी याच क्रमाने बघते, कारण पहिल्या दोनांत साडी बाद झाली तर उरलेल्या तिन्हींची मेहनत वाचते.

(अ) वास. उलगडण्याआधी घडी नाकाशी धरा. डांबराच्या गोळ्यांचा वास चालतो, तो हवेवर जातो. ट्रंकेचा, लोखंडाचा वास असेल तर गंजाचे डाग शोधा. पण कुजट, गाळासारखा वास आला तर तिथेच थांबा.

सांगलीत हे का महत्त्वाचं, ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं आणि अनेक दिवस हटलं नाही. २००५ आणि २०२१ मध्येही पूर आले. दुकानांचा, घरांचा कितीतरी कपडा त्या पाण्यात बुडाला. तो सगळा फेकला गेला नाही. बराचसा धुऊन, इस्त्री करून पुन्हा बाजारात आला. पुरातली साडी ओळखायची तर आडवी, नागमोडी तपकिरी रेघ शोधा. पाणी जिथपर्यंत चढलं तिथे ती राहते आणि धुतली तरी पूर्ण जात नाही. मग भिंगातून काठ बघा. जरीच्या धाग्यांमध्ये बारीक माती अडकलेली दिसते. मी स्वतः एका बाजारात अशी एक पैठणी घेतली होती. रंग सुरेख, भाव हलका, आणि मी रेघ बघितलीच नाही. सहा महिन्यांत काठ घडीवर तुटत गेले, कारण गाळाचे कण आतून धागा कापत होते. पुरात घर बुडालेल्या बाईने नाइलाजाने ती विकली असेल, तिचा मला राग नाही. पण घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात, ते मी ठेवले नव्हते.

(आ) उजेड. दोघींनी दोन टोकं धरा आणि साडी उन्हासमोर हळूहळू सरकवा. सैल धरा, ताणायची नाही. घडीच्या रेघांवर उजेड जास्त येत असेल तर तिथे कापड विरलं आहे. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या रेघेवर मोडतं. नेसण्याच्या जागाही बघा: टाचेजवळचा काठ, निऱ्यांचा पट्टा, खांद्यावर पिनेची भोकं, नऊवारीत काष्ट्याचा भाग. लहान, गोल, विखुरलेली भोकं म्हणजे कसर.

आता रेशमाची परीक्षा. काठापासून लांब, मध्यभागी दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये इंचभर कापड घ्या आणि अगदी हलकेच बाजूला ओढा. धागे सरकून जाळी दिसली तर साडी फसकते आहे. ती नेसायच्या कामाची नाही. जोरात ओढू नका, टरकली तर भरपाई तुम्हाला द्यावी लागेल आणि ती रास्तच असेल.

*तपासा:* मध्ये आडवी शिवण दिसली तर दचकू नका. पूर्वी लुगडं मध्यभागी विरलं की तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं मजबूत असू शकतं, पण लांबी कमी झालेली असते. टेप लावा.

(इ) सांधा. हा भाग इरकलीचा, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळते ती इरकलच. इरकल गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण सांगली-मिरजेच्या बायकांच्या अंगावर ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. जुन्या इरकलीचं अंग बहुधा सुती, काठ-पदर रेशमी. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याहून वेगळा असतो आणि विणण्याआधी ते दोन्ही ताणे फासे घालून एकमेकांत अडकवतात. याला टोपटेनी म्हणतात.

भिंग घ्या आणि अंग संपून पदर सुरू होतो ती आडवी रेघ बघा. बारीक फाशांची ओळ दिसली पाहिजे. ती असेल तर पदराचा लाल रंग निर्भेळ दिसतो, कारण उभा आणि आडवा दोन्ही धागे लाल. यंत्रमागावरच्या नकलेत अंगाचाच ताणा पदरातही जातो. म्हणून हिरव्या साडीचा पदर लाल असूनही मळकट दिसतो. हा फरक एकदा डोळ्यात बसला की रस्त्याच्या पलीकडूनही कळतो.

जुन्या इरकलीत आधी तुटतो तो हाच सांधा. फासे सुटायला लागले असतील पण बाकी साडी चांगली असेल, तर घ्या. चांगला रफूगर आतून बारीक सुती पट्टी लावून सांधा धरतो. पण दोन बोटांपेक्षा जास्त उघडला असेल तर ती नेसायला घेऊ नका.

पैठणीला दुसरी परीक्षा आहे. पदर उलटा करा. हातमागाच्या जुन्या विणीत मोर, पोपट, वेल पुढून आणि मागून जवळपास सारखेच दिसतात. मागे सुट्या धाग्यांचं जाळं किंवा कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर ती वीण वेगळी आहे, भाव त्याप्रमाणे द्या.

(ई) जर. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. वय झालं की मुलामा उडतो आणि काठ रुपेरी किंवा काळसर पडतो. लोक याच काठाला खराब समजून बाजूला ठेवतात आणि झगझगीत काठाची साडी उचलतात. बरोबर उलट करायला हवं. तांब्यावरची जर उतरली की लालसर होते, कधी हिरवट. प्लास्टिकची जर म्हातारी होतच नाही, फक्त पापुद्रे सोडते.

काठ मुठीत धरून चुरगाळा आणि सोडा. धातूची जर जड आणि गार लागते, प्लास्टिकची खरखर आवाज करते. शंका राहिली तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन पदराच्या दशीतला एकच धागा काढा आणि बाजारापासून लांब, फरशीवर जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, राख बोटांनी चुरता येते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पैसे दिल्यावर ही परीक्षा करून काही उपयोग नाही.

(उ) रंग. पांढरा रुमाल पाण्यात भिजवून पिळा आणि प्रत्येक रंगावर, कोपऱ्यात, मिनिटभर दाबून धरा. इरकलीचा लाल पदर हमखास रंग सोडतो. सोडला म्हणून साडी टाकायची नाही, पण धुण्याची रीत बदलते. ती आठव्या पायरीत.

६. भाव

बोलणी तपासणी झाल्यावर, दोष मनात ठेवून. दोष मोठ्याने मोजून दाखवणारं गिऱ्हाईक कोणालाच आवडत नाही. ‘अण्णा, सांधा सुटलाय, रफूचा खर्च येईल, तेवढं सोडा’ एवढं पुरतं. रफूगराकडे आधी जाऊन साधारण खर्च विचारून ठेवला असेल तर तुमच्या बोलण्याला वजन येतं.

दुकानात घासाघीस चालते. फडीवर फार करू नका. त्या बाईने तो कपडा भांडं देऊन, उन्हातान्हात दारोदार फिरून आणलेला असतो. तिने सांगितलेला भाव तुमच्या दोन कॉफ्यांपेक्षा कमी असेल तर तो द्या आणि पुढच्या वेळी इरकल आली तर राखून ठेव म्हणून सांगा. माझ्या कपाटातल्या सगळ्यात चांगल्या दोन साड्या अशाच, राखून ठेवलेल्या आहेत.

७. फिरणं आधी की खरेदी आधी?

एकाच दिवसात दोन्ही करायचं तर सकाळी खरेदी, साडी मुक्कामी ठेवायची, आणि मग फिरायचं. रेशीम गाडीच्या डिकीत बंद ठेवून दुपारभर हिंडणं ही मला दिसणारी सगळ्यात नेहमीची चूक आहे. डिकी तापते, घडी आतल्या आत भाजते. मुक्काम नसेल तर दुकानदाराला ‘संध्याकाळी नेते’ म्हणून ठेवायला सांगा.

आणि विकत घेतलेली साडी त्याच दिवशी नेसून मिरवू नका. तिची तपासणी झाली आहे, तयारी झालेली नाही.

आता कुठे जायचं, आणि अंगावर काय असावं:

गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट सांगलीतच आहेत. हरिपूर सांगलीला लागूनच, चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने. तिथे संगमेश्वराचं मंदिर आणि कृष्णा-वारणेचा संगम आहे. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात. जमिनीला टेकणारा जुना काठ तिथे एका फेरीत जातो. इथे सुती लुगडं, आणि नऊवारी असेल तर काष्टा वर खोचून. श्रावणी सोमवारी गर्दी असते, त्या दिवशी जुना कपडा नकोच.

संध्याकाळी नाटक असेल तर विष्णुदास भावे नाट्यमंदिर. १८४३ मध्ये भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते याच गावात, म्हणून ५ नोव्हेंबरला इथे रंगभूमी दिन साजरा होतो आणि भाव्यांच्या नावाचं गौरव पदक दिलं जातं. नाटकाला रेशीम नेसायला हरकत नाही, कारण खुर्चीवर बसायचं असतं. फक्त बसताना साडी मांडीखाली ताणली जाणार नाही एवढं बघा. आधी उभं राहून मागचा भाग सैल करा, मग बसा.

मिरज साधारण दहा किलोमीटर. सतारमेकरांच्या गल्लीत सतारी, तंबोरे घडताना बघता येतात. कारागिराला वेळ आहे का ते दारातून विचारा, मगच आत जा. आत लाकडाचा भुसा, भोपळा घासल्याची धूळ आणि पॉलिश असतं. पॉलिशचा थेंब रेशमावर पडला तर तो निघत नाही. तिथे रोजचा कपडा.

मिरजेतच मीरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभा, किंवा अंबाबाईच्या देवळातला नवरात्रातला संगीत महोत्सव, यांना जुनी साडी नेसून जावं असं खूप जणींच्या मनात असतं. माझ्याही असतं. पण तिथे बैठक जमिनीवरची. मांडी घातली की गुडघ्यावर आणि मागे कापड ताणलं जातं, आणि जुनं रेशीम नेमकं तिथेच जातं. सुती अंगाची इरकल नेसा. ती बसायला सोसते, पदर तेवढाच देखणा दिसतो. किंवा नवी साडी नेसून जुनं खणाचं पोलकं घाला.

एक दिवस जास्त असेल तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधला जा. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सुरू केलं. तिथे राजा रवी वर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत. त्यातल्या बायकांच्या निऱ्या, पदराची टोकं, काठ कुठे पडतो ते शांतपणे बघा. शक्य असेल तर औंध आधी आणि बाजार नंतर करा. निघण्यापूर्वी संग्रहालय उघडं असल्याची खात्री करून घ्या.

८. घरी आणल्यावर

पहिला नियम: दुसऱ्या कपड्यांत लगेच ठेवू नका. सुती कपड्यात गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवा. कसरीची शंका असेल तर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बांधलेलीच एक दिवस खोलीत राहू द्या, नाहीतर दंव धरतं. प्लास्टिक फक्त एवढ्यापुरतं.

मग दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर. दोरीवर लोंबती नको. बाजेवर स्वच्छ चादर टाकून त्यावर पसरा. जुनं रेशीम स्वतःच्या वजनानेच फाटतं.

जुना फॉल असेल तर तो उसवा. साडी आणि फॉल वेगवेगळे आटलेले असतात, त्यामुळे काठ चुण्या पडून ओढला जातो. टाके एकेक कापून काढा, दोरा खेचू नका.

धुणं. जरीची जुनी साडी घरी धुऊ नका. ज्याने जुनं रेशीम हाताळलं आहे अशा धुलाईवाल्याला दाखवा आणि तिचं वय सांगा. सुती अंगाची इरकल घरी धुता येते, पण ती अशी: रिठ्याचं गार पाणी, पदर पूर्ण बाहेर धरून फक्त अंग बुडवायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही, मिनिटभरात बाहेर. पदर वेगळ्या पाण्यात. वाळत घालताना पदर आणि अंग यांच्या मध्ये कोरडा टॉवेल. माझ्या आजीचं पिवळं इरकल मी अख्खं एका बादलीत घातलं होतं. पाच मिनिटांत लाल पदराने सगळं पिवळं अंग गुलाबी करून टाकलं. आजीने ते तीस वर्षं जपलं होतं.

> सावध: व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट लावून जर ‘उजळवण्याचे’ घरगुती उपाय करू नका. मुलामा आधीच पातळ असतो, तो उरलासुरला जातो. काळवंडलेली जर तशीच शोभते.

रफू धुण्याआधी. भोक धुताना मोठं होतं, म्हणून आधी रफूगर, मग पाणी. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात.

९. ठेवणं

मलमल किंवा जुन्या धोतरात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई उतरते आणि कागदातलं आम्ल कापड पिवळं करतं. रबरबँडने जर काळी पडते. अत्तर थेट साडीवर नको. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नका. वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. ट्रंक लोखंडी असेल तर आतून आधी जाड सुती कापड अंथरा.

दर तीन-चार महिन्यांनी साडी काढून घडी बदला. मागच्या वेळी जिथे मोड होती तिथे आता मोड यायला नको. संक्रांत, गुढीपाडवा, नागपंचमी, दसरा असे सण ठरवून घेतले की विसरायला होत नाही.

अंग पूर्ण गेलं असेल तर काठ-पदर उतरवून नव्या सुती साडीवर लावून घ्या. काठ कात्रीने थेट कापायला देऊ नका. काठाच्या आत दोन बोटं अंग ठेवून कापायला शिंप्याला सांगा, नाहीतर शिवायला धर राहत नाही. उरलेल्या सुती अंगाची वाकळ होते. त्यासाठी तुकडे मऊ झालेलेच हवेत, नव्या कापडाची वाकळ टोचते.

शेवटी, साडीबरोबर एक चिठ्ठी ठेवा. कोणाकडून घेतली, कोणत्या गावची, केव्हा, सांधा कुठे दुरुस्त केला, रंग सोडते की नाही. पेन्सिलीने लिहा, शाई उतरते. घडीत घालू नका, मलमलच्या बाहेरच्या पदरात ठेवा.